संस्कृतचे सर आणि महाराष्ट्राची टीम

आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात दर वर्षी एका थोर व्यक्तीवर लेख असतो. विश्वेश्वरय्या, कलाम सर, जे. आर. डी. टाटा... इंजिनिअरिंग कॉलेजला शोभणारीच नावं. मी यंदा ज्यांच्यावर लिहितेय ते मात्र इंजिनिअर नव्हते. ते पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवायचे. संस्कृत म्हटल्यावर मेकॅनिकलची मुलं लगेच पान उलटतील, म्हणून आधीच सांगून टाकते. या संस्कृतच्या सरांनी वयाच्या ४८ व्या वर्षी रणजी ट्रॉफीत मुंबईविरुद्ध २४६ रन्स काढले. त्या वयात आपले काही सर तिसऱ्या मजल्यावर लेक्चरला येताना दोनदा थांबतात! (स्टाफने कृपया हलके घ्यावे.)

सरांचं नाव प्रा. दिनकर बळवंत देवधर. देवधर ट्रॉफी हे नाव आपण सगळ्यांनी ऐकलंय, पण ते देवधर कोण, हे हॉस्टेलवर विचारलं तर दहातले आठ जण मोबाइल काढतील. मीसुद्धा कॉन्व्हेंटमध्ये शिकले, शाळेत सगळं इंग्लिशमध्ये, त्यामुळे पुण्याच्या या सरांबद्दल मला बारावीपर्यंत काहीच माहीत नव्हतं. मग त्यांच्यावर लिहावंसं का वाटलं? त्याचं कारण आपल्याच कॉलेजात आहे.

हॉस्टेलवर स्पोर्ट्सच्या दिवसांत एक वाद हमखास रंगतो. आपली खरी खुन्नस कुणाशी? जुने सर सांगतात की १९९४ च्या आधी सगळा मराठवाडा एकाच विद्यापीठात होता. अंबाजोगाईहून लातूर तासा-दीड तासावर, त्यामुळे लातूरच्या कॉलेजांशी होणाऱ्या मॅचला दोन्हीकडची पोरं एसटीने भरून जायची. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं. नांदेड, परभणी आणि लातूर तिकडे गेले, बीड जिल्हा राहिला तेव्हाच्या औरंगाबादच्या विद्यापीठाकडे. शेजारचं गाव तिथंच राहिलं पण टूर्नामेंट वेगळी झाली. मग २०१४ च्या कायद्याने रायगड जिल्ह्यातल्या लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला राज्यभरातली इंजिनिअरिंग कॉलेजं जोडून घ्यायचा अधिकार मिळाला, आणि २०१७-१८ पासून मराठवाड्यातली बरीच इंजिनिअरिंग कॉलेजं तिकडे गेली. आता आपली इंटरकॉलेजिएट मॅच कोकणातल्या कॉलेजशी पडू शकते. आपल्याच गावातल्या सायन्स-आर्ट्स कॉलेजशी मात्र अधिकृत मॅच पडतच नाही. ज्यांच्याशी रोज एकाच टपरीवर चहा पितो त्यांच्याशी खेळायचं नाही, आणि ज्यांची नावंही माहीत नाहीत त्यांच्याविरुद्ध घसा कोरडा करायचा. कसं जमणार?

नेमका हाच प्रश्न देवधर सरांच्या आयुष्यात आला होता, आणि फार मोठ्या प्रमाणावर आला होता. त्यांच्या डोळ्यांदेखत भारतातलं सगळं क्रिकेट एका रचनेतून उचलून दुसऱ्या रचनेत नेलं गेलं.

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ चा, पुण्याचा. गंमत बघा, त्याच वर्षी मुंबईत पारशी आणि युरोपियन यांच्यात प्रेसिडेन्सी मॅचेस सुरू झाल्या. म्हणजे सर आणि भारतातलं मोठं क्रिकेट एकाच वयाचे. १९०७ मध्ये हिंदू संघ आला आणि तिरंगी सामने झाले. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आला आणि चौरंगी झाले. १९३७ मध्ये ख्रिश्चन, ज्यू, अँग्लो-इंडियन वगैरे उरलेल्या सगळ्यांचा मिळून रेस्ट नावाचा संघ आला आणि पंचरंगी झाले. तुम्ही कोणत्या टीमकडून खेळणार हे तुम्ही कोणत्या घरात जन्मलात यावर ठरायचं, आणि प्रेक्षकाने कुणासाठी ओरडायचं हेसुद्धा तिथंच ठरायचं.

आज वाचताना हे विचित्र वाटतं. पण त्या काळी देशातली सगळ्यात मोठी क्रिकेट स्पर्धा हीच होती. मुंबईत मॅच असली की मैदान ओसंडून वाहायचं. १९३४ पासून बॉबी तल्यारखान रेडिओवर कॉमेंट्री करायला लागले आणि मग ज्यांना मुंबई गाठता येत नव्हती तेही रेडिओभोवती जमायला लागले.

या रचनेच्या आत आणखी एक रचना होती, तीही सांगायला हवी. हिंदू संघाचा सगळ्यात मोठा बॉलर पळवणकर बाळू दलित समाजातला. त्याच्या स्पिनवर संघ मॅच जिंकायचा, पण त्याला कधीच कॅप्टन केलं नाही. त्याचा भाऊ विठ्ठल अखेर १९२३ मध्ये कॅप्टन झाला आणि त्याने संघाला जिंकून दिलं. म्हणजे एका नावाची टीम असली की आत सगळे एक असतात असं नाही. आपल्याकडे कॉलेजची टीम निवडताना ब्रँचवरून काय काय होतं ते मी इथे लिहित नाही. असो.

देवधर १९११-१२ च्या हंगामात प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळायला लागले. पुढे पुण्याच्या न्यू पूना कॉलेजमध्ये, म्हणजे नंतरच्या सर परशुरामभाऊ कॉलेजमध्ये, ते संस्कृतचे प्राध्यापक झाले. तेव्हा क्रिकेटवर पोट भरायची सोय नव्हती. राजे-महाराजांच्या पदरी असाल तर ठीक, नाही तर नोकरी करा आणि सुट्टीत खेळा. सरांनी तेच केलं. सकाळी कालिदास, संध्याकाळी नेट. बॅटिंग उजव्या हाताची, स्वभाव चिवट.

डिसेंबर १९२६ मध्ये आर्थर गिलिगनची एम.सी.सी. टीम मुंबईत आली. सी. के. नायडूंनी हिंदू संघाकडून ११ सिक्सर मारून १५३ केले ती हीच टूर. नायडूंच्या त्या इनिंगवर खूप लिहिलं गेलंय. त्याच टूरवर अखिल भारतीय संघाकडून देवधरांनी १४८ काढले, त्याबद्दल मात्र कमी बोललं जातं. इंग्लंडच्या बॉलिंगसमोर आपली मुलं टिकतात हे या दोन इनिंग्जनी दाखवलं, आणि भारताला टेस्टचा दर्जा मिळण्याच्या वाटेवर ही टूर महत्त्वाची ठरली. भारत पहिली टेस्ट खेळला जून १९३२ मध्ये, लॉर्ड्सवर. तेव्हा देवधर चाळिशीला आले होते. त्यांची निवड झाली नाही. एकही टेस्ट न खेळता हा माणूस भारतीय क्रिकेटचा पितामह म्हणून ओळखला जातो, हे कसं घडलं ते पुढे येतंय.

१९३४ मध्ये रणजी ट्रॉफी सुरू झाली. इथे धर्माने टीम ठरणार नव्हती, प्रांताने ठरणार होती. मुंबई, मद्रास, हैदराबाद, म्हैसूर, बडोदा, नवानगर वगैरे. कल्पना चांगली, पण प्रेक्षकांना विचारून कुणी नकाशा काढला नव्हता. एका मुंबई इलाख्यातून मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, सिंध अशा वेगवेगळ्या टीम निघाल्या. काल जो पुण्याचा माणूस हिंदू संघासाठी टाळ्या वाजवत होता त्याला आता सांगितलं गेलं की तुझी टीम महाराष्ट्र, आणि त्याच हिंदू संघातले मुंबईचे खेळाडू आता तुझे प्रतिस्पर्धी!

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. महाराष्ट्र नावाचं राज्य झालं १ मे १९६० ला. पण महाराष्ट्र नावाची क्रिकेट टीम त्याच्या २६ वर्षं आधी होती! त्या टीममागे ना राज्य होतं, ना विधानसभा, ना मोठं स्टेडियम. मुंबईकडे जिमखाने होते, पैसा होता, नावं होती. महाराष्ट्राकडे पुणे होतं, सांगली-कोल्हापूरकडची हुशार पोरं होती आणि एक संस्कृतचे सर होते.

आणि आपला बीड जिल्हा? आपण तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. १९३७-३८ ची रणजी ट्रॉफी हैदराबादने जिंकली, फायनलमध्ये नवानगरला एका विकेटने हरवून. म्हणजे कागदावर पाहिलं तर बीडच्या मंडळींनी महाराष्ट्राच्या आधी ट्रॉफी जिंकली! १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, १९६० मध्ये आपण महाराष्ट्रात आलो. आज बीडचं क्रिकेट पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे आहे. विदर्भ याच राज्यात असून त्याची टीम वेगळी, मुंबईची वेगळी. एका राज्यात तीन रणजी टीम का, याचं उत्तर जुन्या नकाशात आहे. रेघा बदलल्या तरी टीम राहतात, आणि टीम राहिल्या तरी रेघा बदलतात.

तर आता देवधर सरांनी काय केलं? नवीन टीमला नुसतं नाव देऊन चालत नाही, तिला जिंकून दाखवावं लागतं, आणि तेही ज्याला हरवल्यावर लोक पेढे वाटतील अशा प्रतिस्पर्ध्याला हरवून. महाराष्ट्रासाठी तो प्रतिस्पर्धी एकच, मुंबई.

१९३९-४० चा हंगाम. देवधर ४७ वर्षांचे आणि महाराष्ट्राचे कॅप्टन. त्यांच्या टीममध्ये सांगलीचा विजय हजारे होता. बडोद्याविरुद्ध पुण्यात हजारेने नाबाद ३१६ काढले. रणजी ट्रॉफीतलं ते पहिलं त्रिशतक. फायनलही पुण्यात झाली आणि महाराष्ट्राने संयुक्त प्रांताला हरवून ट्रॉफी घेतली. पुण्यात, आपल्या गावच्या पब्लिकसमोर! ज्या टीमसाठी पाच-सहा वर्षांपूर्वी कुणी ओरडत नव्हतं त्या टीमला आता घर मिळालं.

पुढच्या वर्षी, १९४०-४१ मध्ये, पुन्हा तेच. या वेळी मुंबईने पुण्यात सहाशेच्या वर रन्स केले. आपल्यासारखे लोक असते तर सामान बांधायला लागले असते. ४८ वर्षांचे प्राध्यापक खेळायला आले आणि २४६ काढून गेले. महाराष्ट्र मुंबईच्या पुढे गेला आणि पहिल्या डावाच्या आघाडीवर मॅच खिशात टाकली. त्या हंगामात रंगा सोहोनीसारखा तरुण ऑलराउंडरही टीममध्ये होता. फायनल मद्रासमध्ये मद्रासविरुद्ध, तीही जिंकली. सलग दोन वर्षं ट्रॉफी.

महाराष्ट्राने रणजी ट्रॉफी उचलली ती या दोन वेळा, देवधर कॅप्टन असताना. त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्ये आपण फायनल गाठली आणि तिन्ही वेळा हरलो.

पण मला विचाराल तर ट्रॉफीपेक्षा मोठी गोष्ट दुसरीच घडली. मुंबई विरुद्ध महाराष्ट्र ही खुन्नस तयार झाली. ती कुणी परिपत्रक काढून तयार केली नव्हती. दर वर्षी समोरासमोर येऊन, कधी मारून कधी मार खाऊन, ती तयार झाली. १९४३-४४ मध्ये विजय मर्चंटने महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ ठोकून उट्टं काढलं. मार्च १९४९ मध्ये पुण्यात दोघांची सेमीफायनल सात दिवस चालली. मुंबई ६५१ आणि ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. बेरीज करा, २३७६ रन्स! एका प्रथम श्रेणी सामन्यातला हा विक्रम आहे. महाराष्ट्र ३५४ रन्सनी हरला, पण चौथ्या डावात ६०४ करून हरला. तोवर देवधर निवृत्त झाले होते. त्यांनी लावलेलं झाड मात्र उभं होतं.

मधल्या काळात जुनी रचना चालूच होती, आणि दोन्हींची ओढाताण बघण्यासारखी आहे. पंचरंगीला ब्रेबॉर्न स्टेडियम भरायचं, रणजीला तेवढी गर्दी नसायची. १९३७ मध्ये तर नव्या स्टेडियममधल्या जागांच्या वाटपावरून हिंदू संघ खेळलाच नाही. डिसेंबर १९४० मध्ये गांधीजींनी धर्मावर आधारलेल्या या सामन्यांना आपला पाठिंबा नसल्याचं स्पष्ट केलं आणि त्या वर्षीही हिंदू संघ बाहेर राहिला. तरी लोकांचं वेड संपेना. ज्या दिवसांत पुण्यात देवधरांची टीम प्रांताच्या नावावर लढत होती त्याच दिवसांत मुंबईत धर्माच्या नावावर तिकिटं संपत होती.

विजय हजारेंचं उदाहरण घ्या. ते धर्माने ख्रिश्चन, त्यामुळे पंचरंगीत ते रेस्टकडून खेळायचे. १९४३-४४ च्या पंचरंगीच्या फायनलमध्ये हिंदू संघाविरुद्ध रेस्टने ३८७ केले, त्यात एकट्या हजारेंचे ३०९! दुसऱ्या बाजूला भाऊ विवेक हजारे उभा होता. दोघांनी ३०० ची भागीदारी केली आणि त्यात विवेकचे होते २१. आता सांगा, पुण्याच्या हिंदू प्रेक्षकाने काय करायचं? चार वर्षांपूर्वी महाराष्ट्राकडून ३१६ काढले तेव्हा जो माणूस आपला होता, तोच आता समोरच्याचा? खेळाडू तोच, बॅट तीच, फक्त वर्गवारी वेगळी. माझ्या मते पंचरंगीचा खोटेपणा दाखवायला याहून वेगळा पुरावा लागत नाही.

आणि प्रांताची रचनासुद्धा धुतल्या तांदळासारखी नव्हती बरं का. १९४१-४२ पासून हजारे बडोद्याकडून खेळायला लागले. संस्थानात नोकरीची सोय होती. आजच्या भाषेत ट्रान्सफरच. १९४६-४७ च्या फायनलमध्ये त्यांनी आणि गुल मोहम्मदने बडोद्यासाठी ५७७ रन्सची भागीदारी केली, २८८ आणि ३१९. ज्याच्या जोरावर टीम बांधली तोच स्टार गेला की कॅप्टनला काय वाटत असेल? देवधर पुण्यातच राहिले. कॉलेज तेच, टीम तीच. १९४४-४५ मध्ये, वय ५२, नवानगरविरुद्ध त्यांनी एकाच मॅचमध्ये दोन शतकं काढली, १०५ आणि १४१. स्टार निघून गेल्यावर टीम कोण धरून ठेवतं, याचं हे उत्तर.

१९४५-४६ च्या हंगामानंतर पंचरंगी कायमची बंद झाली. पुढच्याच वर्षी देशाची फाळणी झाली. देवधर १९४७-४८ पर्यंत खेळले. पहिल्या महायुद्धाच्या आधी सुरुवात आणि दुसऱ्या महायुद्धानंतर शेवट! एवढ्या वर्षांत प्रथम श्रेणीच्या मॅच फक्त ८१ आणि रन्स ४५२२. आज एखादा खेळाडू सात-आठ वर्षांत इतक्या मॅच खेळतो. तेव्हा मॅच कमी असायच्या, म्हणून प्रत्येक मॅचला वजन असायचं.

नंतर ते निवड समितीवर होते, असोसिएशनच्या कामात होते. त्यांच्या मुली तारा, सुंदर आणि सुमन यांनी राष्ट्रीय पातळीवर बॅडमिंटन गाजवलं. तो काळ लक्षात घेता मुलींच्या हातात रॅकेट देणारा बाप मला २४६ रन्सइतकाच आवडतो. (लेडीज हॉस्टेलला गेम्ससाठी संध्याकाळी किती वेळ मिळतो हा विषय पुढच्या अंकासाठी राखून ठेवते.) १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९९१ मध्ये पद्मभूषण. २४ ऑगस्ट १९९३ रोजी ते गेले, वयाच्या १०१ व्या वर्षी. शेवटची सेंच्युरीही पूर्ण केली.

आता पुढची गोष्ट, जी सरांच्या मागे घडली. १९५७-५८ पासून रणजीत विभागवार लीग आली. पश्चिम विभागात मुंबई आणि महाराष्ट्र दर वर्षी भेटणार हे पक्कं झालं. मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ सलग १५ वेळा ट्रॉफी जिंकली. त्या काळात महाराष्ट्राच्या प्रेक्षकाला एकच आशा असायची, या वर्षी तरी मुंबईला पाडू. हरत राहिलो तरी दर वर्षी नवी आशा धरायला मॅच होती.

२००२-०३ मध्ये बोर्डाने विभाग मोडले आणि एलिट व प्लेट असे गट केले. दर्जा वाढावा, एकतर्फी मॅच कमी व्हाव्यात, हा हेतू होता आणि तो चुकीचा नव्हता. छोट्या टीमना वर यायला वाव मिळाला, आणि ज्या विदर्भाकडे आधी कुणी गंभीरपणे बघत नव्हतं त्याने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीनदा ट्रॉफी जिंकली. पण मुंबई-महाराष्ट्र ही दर वर्षीची ठरलेली मॅच गेली. गटात नशिबाने आले तर भेटायचं, नाही तर पुढच्या वर्षी बघू. म्हणूनच जानेवारी २०१४ मध्ये क्वार्टर फायनलला महाराष्ट्राने वानखेडेवर जाऊन मुंबईला ८ विकेट्सनी हरवलं तेव्हा पुण्यातली म्हातारी माणसं खूश झाली आणि आमच्या वयाच्या मुलांना कळलंच नाही की एवढं काय झालं. खुन्नस अशीच मरते. भांडण मिटून नाही, भेटणं थांबून.

हे फक्त आपल्याकडेच चाललंय असं समजू नका. जे सीनियर एम. एस. साठी अमेरिकेत टेक्सासला जातात त्यांना माहीत असेल, तिथे कॉलेज फुटबॉल म्हणजे आपल्या आयपीएलसारखं वेड. टेक्सास युनिव्हर्सिटी आणि टेक्सास ए अँड एम यांची मॅच शंभरहून जास्त वर्षं चालू होती. २०१२ मध्ये ए अँड एम दुसऱ्या गटात गेलं, कारण टीव्हीचा पैसा आणि आपापसातलं राजकारण. तेरा वर्षं मॅच बंद. त्या काळात तिथे शिकून गेलेल्या मुलांनी आपल्या सगळ्यात मोठ्या प्रतिस्पर्ध्याला मैदानात एकदाही पाहिलं नाही. टेक्सासही त्याच गटात आलं तेव्हा ३० नोव्हेंबर २०२४ ला मॅच पुन्हा झाली. त्याच वर्षी पश्चिम किनाऱ्यावरचा पॅक-ट्वेल्व्ह हा जुना गट फुटला आणि बारातली दहा कॉलेजं निघून गेली. श्रीमंत देशातही प्रेक्षकाला कुणी विचारत नाही!

आणि सगळ्यात चटका लावणारी गोष्ट म्हणजे खुद्द देवधर ट्रॉफीचं जे झालं ते. १९७३-७४ मध्ये सुरू झालेली ही वनडेची स्पर्धा पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण, मध्य अशा विभागांमध्ये व्हायची. २०१५-१६ पासून विभाग गेले आणि इंडिया ए, इंडिया बी आल्या, नंतर सीसुद्धा आली. इंडिया बीचा चाहता म्हणून कोण ओरडणार? त्या टीमला गाव नाही, मैदान नाही, मागच्या वर्षीची आठवण नाही. २०१९-२० नंतर ती थांबली, २०२३ मध्ये विभागांसह एकदा परत आली, दक्षिण विभागाने जिंकली आणि २०२४-२५ च्या वेळापत्रकातून पुन्हा गायब झाली. ज्या माणसाने नकाशावरच्या नावाला जिवंत टीम बनवलं त्याच्याच नावाची ट्रॉफी बिननावाच्या टीमना द्यायची वेळ आली.

मग शिकायचं काय? जुनं ते सोनं असं मी म्हणत नाही. पंचरंगी बंद झाली ते बरंच झालं, गर्दी कितीही असली तरी. रचना बदलायला हव्यात तेव्हा त्या बदलतातच, आणि पुष्कळदा बदल योग्यच असतो. लोणेरेला गेल्यामुळे आपल्याला कोकण-पुण्याकडच्या टीमशी खेळायला मिळतं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण देवधरांच्या आयुष्यावरून मला दोन गोष्टी पटल्या. एक, नवीन रचनेतली टीम आपोआप आपली होत नाही, कुणाला तरी ती वर्षानुवर्षं धरून ठेवावी लागते, हजारे गेला तरी. दुसरी, खुन्नस टिकवायची तर दर वर्षी भेटावं लागतं. वेळापत्रक भेटवत नसेल तर आपण भेटायचं.

गेल्या फेब्रुवारींपैकी एक तुम्हाला नक्की आठवत असेल, २०२४ चा. बेनोनीला अंडर-नाइन्टीन वर्ल्ड कपची सेमीफायनल, साउथ आफ्रिकेविरुद्ध ३२ ला ४ गेलेले, आणि आपल्या बीडच्या सचिन धसने ९६ काढून उदय सहारनबरोबर १७१ ची भागीदारी केली. त्या रात्री हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. तोच सचिन आज महाराष्ट्राच्या टीमकडून खेळतो, त्याच टीमकडून जी पुण्याच्या संस्कृतच्या सरांनी उभी केली, जेव्हा बीड त्या नकाशात नव्हतंसुद्धा. नव्वद वर्षांपूर्वी कुणीतरी बांधलेल्या टीममध्ये आज आपला मुलगा आहे.

म्हणून जिमखान्याला माझी एक विनंती आहे. गावातल्या सायन्स-आर्ट्स कॉलेजशी आणि लातूरच्या एखाद्या जुन्या प्रतिस्पर्ध्याशी दर वर्षी एक-एक मॅच ठेवावी. विद्यापीठ वेगळं असलं तरी मैत्रीच्या मॅचला कुणाची बंदी नाही. मुलांची एक आणि मुलींचीही एक. तारीख ठरलेली असावी आणि एखाद्या वर्षी परीक्षा आडवी आली तर मॅच पुढे जावी, पण रद्द होऊ नये. तारीख सुचवू? १४ जानेवारी, सरांचा वाढदिवस. त्या दिवशी संक्रांतही असते. आधी मैदानात हाणामारी (बॅटने, म्हणजे बॉलला!) आणि मग तिळगूळ. गोड बोलायला दुसऱ्या दिवसापासून सुरुवात करू.